आर्कहॅमच्या नोंदी: नऊ वर्षं उशिरा सुरू केलेला पत्त्यांचा खेळ

७ जून २०२५

आजपासून इथे लिहून ठेवते, नाहीतर कोणता डाव कुठपर्यंत आला ते काही लक्षात राहणार नाही. ठरलंय असं की 'आर्कहॅम हॉरर: द कार्ड गेम' मी आणि बाबा मिळून शिकणार, बेसिक बॉक्समध्ये जे कॅम्पेन (एकमेकांना जोडलेल्या डावांची एक गोष्ट) आहे ते शेवटपर्यंत खेळणार, आणि तोपर्यंत दुसरा एकही बॉक्स घ्यायचा नाही. ही शेवटची अट माझी, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेम २०१६ मध्ये आलाय, फँटसी फ्लाइट गेम्स ही अमेरिकन कंपनी काढते, आणि तेव्हापासून त्यात भर पडतच गेलीये, डनविच, कारकोसा, फरगॉटन एज, सर्कल अनडन, ड्रीम-ईटर्स, इन्समथ, एज ऑफ द अर्थ, स्कार्लेट कीज, हेमलॉक व्हेल. आत्ता कुठे सुरू करणाऱ्या माणसाला ही यादी बघूनच वाटतं की राहू दे, आपली गाडी सुटली.

दादाला (मावसभाऊ, पुण्याचा, तो बरीच वर्षं खेळतोय) फोन केला आणि हेच म्हणलं. तो म्हणाला, "अगं पण तुझ्या समोर कोण बसलंय? कुणीच नाही ना. सगळे एकाच बाजूला. माझ्याकडे पत्ते जास्त आहेत म्हणून मी तुला हरवणार, असं होऊच शकत नाही इथे." फोन ठेवल्यावरही हे डोक्यात राहिलं. दोन जण एकमेकांविरुद्ध खेळतात त्या कार्ड गेममध्ये उशिरा येणाऱ्याचं खरंच नुकसान असतं, समोरच्याकडे जुने भारी पत्ते असतात. इथे शत्रू बॉक्सच्या आतच आहे आणि त्याचे पत्ते तेवढेच राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे यात नशिबाची पाकिटं नाहीत. बॉक्सवर जे लिहिलंय तेच आत असतं, सगळ्यांना तेच मिळतं, याला लिव्हिंग कार्ड गेम म्हणतात. दुर्मिळ पत्त्यासाठी पाकिटावर पाकिटं फोडायची असती तर बाबांनी पहिल्याच दिवशी हात जोडले असते.

१० जून

बॉक्स आला. २०२१ ची सुधारित आवृत्ती, आणि ही मुद्दाम शोधून घेतली. २०१६ च्या मूळ बॉक्सवर १ ते २ खेळाडू लिहिलेलं असायचं आणि खेळाडूंचे बहुतेक पत्ते एकेकच होते, त्यामुळे जुने लोक दोन-दोन बॉक्स घ्यायचे. आताच्यात प्रत्येक पत्त्याच्या दोन प्रती आहेत आणि चौघांना पुरतो. दादानेही तेव्हा दोन घेतले होते आणि तो हे जरा दुःखानेच सांगत होता.

संध्याकाळभर पत्ते लावत बसलो. शत्रूंचे आणि संकटांचे पत्ते छोट्या चिन्हांवरून गटागटाने वेगळे करायचे असतात, उंदीर एका गटात, घूल (प्रेतं खाणारे प्राणी) एका गटात, थंडी, भीती, असे. कंटाळवाणं वाटतं ऐकायला पण हे एकदा नीट केलं की पुढे प्रत्येक सीनॅरियो (गोष्टीतला एक डाव) मांडायला फार वेळ जात नाही. मी गटागटाला चिठ्ठ्या लावल्या, आईच्या मसाल्याच्या डब्यांवर लावतो त्याच लेबलच्या.

स्लीव्ह्ज (पत्त्यांना घालायची प्लॅस्टिकची कव्हरं) मागवल्यात. नाशिकला पाऊस सुरू झाला की कागद दमट होतो, बाबांच्या मेंढीकोटच्या कॅटची काय अवस्था झालीये ते बघितलंय मी.

१४ जून

नियमांचं पहिलं पुस्तक वाचून झालं. कागदावर मांडून बघितलं की गोष्ट सोपी आहे, एका फेरीत चार टप्पे. आधी मिथॉस, म्हणजे खेळ आपल्यावर संकट टाकतो. मग आपली पाळी, प्रत्येकाला तीन कृती. मग शत्रूंची पाळी. मग आवराआवर, एक पत्ता उचला, एक रिसोर्स (खेळातला पैसा) घ्या. पहिल्या फेरीत मिथॉस नसतो. हे एवढंच कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून टेबलवर ठेवलंय.

खरी घाई वरच्या दोन पत्त्यांमुळे होते. एका बाजूला 'अ‍ॅक्ट', तो आपण पुढे न्यायचा, त्यासाठी जागोजागचे पुरावे गोळा करायचे. दुसऱ्या बाजूला 'अजेंडा', तो आपोआप पुढे सरकतो, दर मिथॉसला त्याच्यावर एक डूम टोकन पडतं, ठरलेला आकडा भरला की गोष्ट आपल्या विरुद्ध वळते. म्हणजे नुसतं जपून, एका कोपऱ्यात बसून खेळलं तरी आपण हरतच असतो.

बाबांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "हुकूम कोणता?" मी म्हणलं बाबा यात हुकूम नाही. "मग दश्श्या?" दश्श्या पण नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "भिडू आहे ना? मग झालं."

२१ जून

पात्रं निवडली. बॉक्समध्ये पाच आहेत. रोलंड बँक्स हा केंद्रीय तपास खात्यातला एजंट, लढणारा. डेझी वॉकर ही ग्रंथपाल. 'स्किड्स' ओ'टूल, अ‍ॅग्नेस बेकर, वेंडी अ‍ॅडम्स हे बाकीचे तिघे. काळ १९२६ चा, गाव आर्कहॅम, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं काल्पनिक.

बाबांनी रोलंड घेतला कारण त्याच्याकडे पिस्तूल आहे. मी डेझी, बुद्धी ५ आणि अंगात ताकद २, म्हणजे मारामारी झाली की मी बाबांच्या मागे. आमची जोडी चांगली जमते पण एक अडचण आहे. रोलंड आपल्या गार्डियन (लढणाऱ्यांच्या) रंगाच्या पत्त्यांबरोबर सीकर (शोध घेणाऱ्यांच्या) रंगाचेही लेव्हल २ पर्यंतचे घेऊ शकतो आणि मी आख्खी सीकरच, त्यामुळे भिंगाच्या दोन प्रती कुणी घ्यायच्या यावरून चर्चा झाली. शेवटी दोन्ही भिंगं माझी आणि त्या बदल्यात पहिला मोठा अपग्रेड बाबांचा, असं ठरलं. बाबा बोलणी पक्की करण्यात पहिल्यापासून पटाईत आहेत.

डेक ३० पत्त्यांचा, वर आपल्या पात्राचे खास पत्ते आणि कमकुवतपणाचे. हे मला फार आवडलं की तुमच्या स्वतःच्या डेकमध्येच तुमच्या विरुद्धचा पत्ता असतो. रोलंडचा 'कव्हर अप', म्हणजे दडपलेलं प्रकरण, तो आला की त्याच्यावर तीन पुरावे ठेवायचे आणि डाव संपेपर्यंत ते काढून नाही टाकले तर रोलंडच्या मनावर कायमची जखम. बाबांनी तो पत्ता दोनदा वाचून घेतला. सरकारी खात्यात नोकरी झालीये त्यांची, त्यांना लगेच कळलं.

२८ जून

आजची नोंद आकडेमोडीची आहे, ज्यांना नको त्यांनी खाली उतरावं. पण मला वाटतं नवीन माणसाने सगळ्यात आधी हेच समजून घ्यावं.

इथे फासे नाहीत. एक पिशवी असते, केऑस बॅग, तिच्यात टोकन. काही करायचं असलं, पुरावा शोधणं, गोळी मारणं, पळणं, की आपलं कौशल्य अधिक हातातून लावलेले पत्ते, त्यात पिशवीतून निघालेलं टोकन मिळवायचं आणि समोरच्या आकड्याइतकं किंवा जास्त झालं की जमलं. आम्ही पिशवी म्हणून आजीचा जुना बटवा घेतलाय.

स्टँडर्ड लेव्हलला या कॅम्पेनमध्ये १६ टोकन असतात: एक +१, दोन ०, तीन -१, दोन -२, एक -३, एक -४, दोन कवट्या, एक कल्टिस्ट, एक टॅब्लेट, एक लाल टोकन ज्यावर तंतूंसारखं चित्र आहे आणि ते निघालं की काहीही असो, हरलात, आणि एक एल्डर साइन जे आपल्या बाजूचं. पहिल्या सीनॅरियोत कवटी म्हणजे तुमच्या जागेवर जेवढे घूल तेवढं वजा, कल्टिस्ट -१, टॅब्लेट -२.

आता समजा घूल जवळ नाहीये. माझा आकडा समोरच्या आकड्याच्या बरोबरीचा असेल तर १६ पैकी ६ टोकन मला चालतात. एकने वर असेल तर १०. दोनने वर असेल तर १३. तीनने वर, १४. चारने वर, १५. त्या लाल टोकनमुळे सोळा कधीच होत नाहीत.

म्हणजे बरोबरीवरून दोनने वर जाण्यात सात टोकनांचा फायदा आहे आणि त्याच्या पुढच्या दोनमध्ये फक्त दोन टोकनांचा. "दोनने वर राहा" हे दादा पहिल्या फोनपासून सांगत होता पण कागदावर मांडल्यावर ते पटलं. आता हातातला पत्ता खर्च करायचा का ठेवायचा हे आम्ही यावरून ठरवतो. बाबा बघून म्हणाले, "म्हणजे हे सरळ सरळ हिशेबाचं काम आहे," आणि चष्मा लावून खुर्ची पुढे घेतली.

२९ जून

'द गॅदरिंग' खेळलो, पहिला सीनॅरियो. गोष्टीचं सगळं सांगत नाही, कुणीतरी पहिल्यांदा खेळणार असेल तर त्याची मजा जाईल. एवढंच, आपण आपल्याच घरात, अभ्यासिकेत अडकलोय आणि दार नाहीसं झालंय.

दोघं असल्यामुळे खोलीत चार पुरावे. मी भिंग लावून शोधत बसले, बाबा दाराकडे (जे नाहीये) तोंड करून पिस्तूल मांडून बसले. .४५ ऑटोमॅटिक, किंमत ४ रिसोर्स, सुरुवातीला हातात ५ असतात, म्हणजे जवळपास सगळा पैसा पिस्तुलात. मी म्हणलं बाबा एवढा खर्च? "आधी हत्यार, मग बाकी." आणि बरोबरच होतं त्यांचं, कारण लगेच घूल मिनियन आला. लढाईचा आकडा २, जीव २. रोलंडचे ४ आणि पिस्तुलाचा १, म्हणजे तीनने वर, गोळीचं नुकसान २, एका गोळीत आडवा. शिवाय रोलंडची खासियत अशी की शत्रू मेला की त्या जागेवरचा एक पुरावा आपोआप मिळतो, म्हणजे मारामारी करता करता बाबा माझं पण काम करत होते.

पुढे घर उघडतं, माळा आणि तळघर. माळ्यावर जाणं मनाला लागतं, एक हॉरर. तळघरात शरीराला, एक डॅमेज. आता यात वाटणी कशी करायची? डेझीचं शरीर ५ आणि मन ९, रोलंडचं शरीर ९ आणि मन ५, उलट सुलट. म्हणून मी माळा, बाबा तळघर. पण तळघरात पुरावा शोधणं अवघड, शराउड (शोधताना गाठायचा आकडा) ४, आणि रोलंडची बुद्धी ३. बाबांनी टॉर्च लावला, टॉर्च शराउड दोनने कमी करतो, मग ते जमलं. हे सगळं आम्ही बोलून, भांडून, पुन्हा बोलून ठरवलं. मेंढीकोटमध्ये भिडूला डोळ्याने खुणावलं तरी बाबा अख्खा डाव रद्द करतात आणि इथे मोठमोठ्याने बोलायचं म्हणजेच खेळायचं, हे त्यांच्या पचनी पडायला अर्धा डाव लागला.

शेवटी घूल प्रीस्ट. त्याचा जीव माणशी ५, म्हणजे आमच्यासाठी १०. मेला. मग घराबाबत एक निर्णय घ्यायचा असतो आणि बाबांनी मला विचारलंच नाही, "स्वतःचं घर जाळत नसतात." विषय संपला.

६ जुलै

आषाढी, उपास, खिचडी, आणि डेक अपग्रेड. मारलेल्या मोठ्या शत्रूंवरून आणि साफ केलेल्या जागांवरून एक्सपीरियन्स मिळतो आणि तो खर्चून चांगले पत्ते डेकमध्ये घालता येतात. बाबांनी कराराप्रमाणे आधी घेतलं, बीट कॉप लेव्हल २. मी भिंग लेव्हल १ केलं, ते जागेवरचे पुरावे संपले की हातात परत घेता येतं.

मला वाटतं या खेळाचा जीव इथे आहे. डाव संपल्यावर पत्ते नुसते पिसून ठेवून द्यायचे नाहीत, पुढच्या डावात तोच माणूस थोडा शहाणा होऊन आणि थोडा जखमी होऊन परत येतो.

१२ जुलै

'द मिडनाइट मास्क्स'. गावभर फिरायचं आणि मध्यरात्रीच्या आत एका गुप्त पंथाची माणसं हुडकायची. सगळे मिळून सहा. नदीकाठ, स्मशान, हॉस्पिटल, विद्यापीठ, डाउनटाउन, नकाशा मोठा आहे आणि कृती तीनच. आमचं घर उभं असल्यामुळे सुरुवात तिथूनच, बाबा खूश.

इथे एक फार सुंदर गोष्ट आहे, तुम्ही मधेच उठून जाऊ शकता. 'रिझाइन'. जेवढे सापडले तेवढे घेऊन बाहेर पडा, तो पराभव नाही. किती सुटले ते फक्त नोंदवहीत लिहायचं आणि पुढचा भाग त्याप्रमाणे सोपा किंवा कठीण. आम्हाला निम्मेच सापडले. 'एन्शंट ईव्हिल्स' नावाचा पत्ता लागोपाठ आला, तो काही करत नाही, फक्त एक डूम वाढवतो, आणि ते सगळ्यात वाईट असतं.

२० जुलै

'द डिव्हावरर बिलो'. हरलो. जंगल, अंधार आणि शेवटी जे येतं त्याचा जीव ६ आणि वर माणशी ४, त्याने आपल्याला मारलं तर एका फटक्यात ३ डॅमेज आणि ३ हॉरर. डेझीचं शरीर ५ च. बाबा शेवटपर्यंत उभे होते.

वाईट वाटलं, पण नोंदवहीत शेवट लिहिल्यावर लक्षात आलं की ही पण एक पूर्ण गोष्ट आहे. पुस्तकात हरल्याचा वेगळा शेवट छापलेलाच आहे. बाबांनी तो मोठ्याने वाचला आणि मग थेट विचारलं, "ती दुसरी मुलगी कोण आहे, वेंडी? ती काय करते?"

९ ऑगस्ट

राखीला दादा आला. त्याच्या बॅगेत नेथॅनियल चोचा डेक होता, २०२० मध्ये पाच तयार डेक आले होते त्यातला एक. या डेकचं मला कौतुक वाटलं, बॉक्स उघडा आणि खेळा, वरचे अपग्रेड पण त्यातच. नवीन माणसाला दुसरी खरेदी हीच करायला सांगेन मी.

तिघांनी गॅदरिंग मांडला. त्याआधी मी दादाला स्पष्ट सांगितलं, "आम्ही विचारल्याशिवाय काही सुचवायचं नाही." कारण को-ऑप (सगळे एकाच बाजूला असतात त्या) खेळात जुना माणूस बसला की हळूहळू तोच सगळ्यांचे पत्ते खेळायला लागतो आणि बाकीचे नुसते टोकन सरकवतात. उशिरा आलेल्याचं खरं नुकसान झालंच तर ते पत्त्यांच्या संख्येमुळे होत नाही, ते असं होतं. नवीन माणसाला वाईट चाल खेळायचाही हक्क पाहिजे. दादाने ते मानलं, आणि एका ठिकाणी त्याला इतकं बोलायचं होतं की तो उठून पाणी प्यायला गेला. बाबांनी त्या चालीत डायनामाइट टाकलं आणि ते बरोबर पडलं.

त्याने एक चांगलं सांगितलं. पूर्वी एक कॅम्पेन म्हणजे एक मोठा बॉक्स आणि वर सहा छोटी पाकिटं, दर पाकिटात एक सीनॅरियो. त्यातलं एखादं पाकीट बाजारातून गायब झालं की मधली गोष्टच नाही. २०२१ पासून ही पद्धत बदलली, अख्खं कॅम्पेन एका बॉक्समध्ये आणि त्या फेरीतले खेळाडूंचे पत्ते दुसऱ्यात, आणि जुन्या कॅम्पेनपैकी बरीच नंतर याच पद्धतीने परत काढली. त्याचं एक पाकीट अजून मिळालेलं नाही. मला ते शोधावंच लागणार नाहीये.

१७ ऑगस्ट

तेच कॅम्पेन पुन्हा, आता बाबा वेंडी आणि मी अ‍ॅग्नेस. अगदी वेगळा खेळ झाला. वेंडी हातातला एक पत्ता टाकून पिशवीतलं टोकन परत ठेवून दुसरं काढू शकते, आणि बाबांना हे इतकं आवडलंय की ते प्रत्येक टोकन आधी न बघता मुठीत धरून ठेवतात. अ‍ॅग्नेसला हॉरर बसला की ती त्याच जागेवरच्या शत्रूला एक डॅमेज देते, म्हणजे मागच्या वेळी जी गोष्ट टाळत होते ती आता मुद्दाम ओढवून घेतेय. तेच माळ्यावर जाणं, तोच एक हॉरर.

तिसऱ्या भागात तर मांडणीच बदलते, जंगलातल्या सहा जागांपैकी चारच येतात, कोणत्या ते माहीत नसतं, आणि शत्रूंच्या चार गटांपैकी एक गट चिठ्ठी टाकल्यासारखा निवडला जातो. एवढ्याशा बॉक्समध्ये एवढं सगळं आहे आणि मी जूनमध्ये यादी बघून घाबरले होते.

२३ ऑगस्ट

या वेळी शेवटच्या भागात निभावलं. कसं ते लिहीत नाही.

अट पूर्ण झाली, त्यामुळे पुढचं ठरवलं. डनविचचं कॅम्पेन घ्यायचं, आठ सीनॅरियो आहेत. खेळाडूंचे पत्ते आत्ता नाही, त्याऐवजी हार्वी वॉल्टर्सचा तयार डेक, तो माझ्यासाठी. बाबा वेंडी सोडायला तयार नाहीत.

डनविचमध्ये सुरुवातीलाच प्रश्न येतो. आर्मिटेज नावाचे म्हातारे प्राध्यापक आपले दोन सहकारी शोधायला सांगतात, एक विद्यापीठात, दुसरा जुगाराच्या क्लबात, आणि आधी कुठे जायचं ते आपण ठरवायचं. मी म्हणतेय विद्यापीठ. बाबांचं म्हणणं क्लब, तिथे पत्ते असणार. बॉक्स गणपतीनंतर येईल, तोपर्यंत हा वाद चालू राहणार असं दिसतंय, आईला मत विचारलं तर ती म्हणाली आधी गणपतीचं सामान आणा.